गाडीतील पाण्याचा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या बाजारपेठांत ये-जा करणाऱ्या आम्हा कापड व्यापाऱ्यांना गाडीशिवाय गत्यंतर नाही. गाडीच्या ऑइलची व टायरची काळजी बहुतेक जण घेतात. परंतु समोर पाण्याचा दिवा लागला की बाटलीभर पाणी ओतायचे आणि पुढे निघायचे, अशी पद्धत पडून गेली आहे. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागतो, पुन्हा पाणी ओतले जाते. हा इलाज नव्हे. इंजिनाला थंड ठेवणारे कूलंट बंद नळ्यांतून फिरत असते. ते डिझेलसारखे जळून संपत नाही. ते वारंवार कमी होत असेल तर कुठून तरी बाहेर जात आहे, हे नक्की समजावे.

प्रथम दिवा कोणता आहे ते पाहावे. काही गाड्यांत टाकीतील पातळी कमी झाली की दिवा लागतो. पुष्कळ लहान गाड्यांत पातळीचा दिवाच नसतो. तेथे लागतो तो उष्णतेचा लाल दिवा. पातळीचा दिवा ही सूचना आहे, उष्णतेचा दिवा हा धोका आहे. कसारा घाट चढताना हा लाल दिवा लागला तर एसी बंद करून गाडी ताबडतोब सुरक्षित जागी बाजूला घ्यावी व इंजिन बंद करावे. "इगतपुरीपर्यंत पोहोचू" हा हिशेब फार महाग पडतो. आजकाल इंजिनाचे हेड बहुधा ॲल्युमिनियमचे असते. ते अति तापले की वाकते, आणि मग रबरी नळीच्या किरकोळ खर्चाऐवजी पुरे इंजिन उघडण्याचा खर्च अंगावर येतो.

गरम इंजिनाचे झाकण उघडू नये, ही गोष्ट कितीदा सांगितली तरी कमीच. झाकण हे केवळ झाकण नसून आत दाब राखण्याचे साधन आहे. साधे पाणी 100 अंशांवर उकळते, परंतु झाकणाने सुमारे 1 बार जादा दाब धरला की ते 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल करताच दाब जातो, पाणी त्या क्षणी उकळते आणि तोंडावर येते. याच कारणाने झाकणाचे रबर खराब झाले तरी पाणी कमी होत राहते. झाकण स्वस्त असते. संशय आला तर आधी तेच तपासावे.

तपासणी सकाळी, इंजिन थंड असताना आणि गाडी सपाट जागी असताना करावी. टाकीवरील खालच्या व वरच्या खुणांच्या मध्ये पाणी असूनही पातळीचा दिवा लागत असेल तर दोष पाण्याचा नसून विजेचा असू शकतो. सेन्सरवर गाळ बसतो, त्याच्या प्लगला गंज चढतो किंवा वायर घासली जाते. काही मिस्त्री अशा वेळी दोन वायरी जोडून दिवा कायमचा विझवतात. असे करू देऊ नये. रखवालदाराला झोपवून चोरी थांबत नाही.

पाणी खरोखर कमी होत असेल तर गळती शोधावी. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरावा. तो सकाळी कोरडा निघाला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये. आमच्या एका व्यापारी मित्राच्या गाडीत असेच झाले. एका गॅरेजने सेन्सर बदलला, दुसऱ्याने थर्मोस्टॅट बदलला, तरी भिवंडीच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की दिवा लागायचाच. जमिनीवर मात्र एक थेंबही नाही. शेवटी एका वयस्कर मिस्त्रीने थंड इंजिनावर हातपंप लावून, झाकणावर लिहिला होता तेवढाच दाब भरला व चहा मागवला. चहा संपेपर्यंत काटा खाली आला होता. इंजिनाखालचे प्लॅस्टिकचे आवरण काढले तर त्यात कूलंट साचलेले. वॉटर पंपाच्या बारीक छिद्रातून ते झिरपत होते व पंपाभोवती वाळलेला गुलाबी थर चढला होता. पंप बदलला आणि काम झाले. हीच दाबाची तपासणी पहिल्या दिवशी झाली असती तर दोन वस्तूंचे पैसे वाचले असते. म्हणून गॅरेजमध्ये गेल्यावर "काय बदलणार?" याआधी "दाब लावून पाहिला का?" असे विचारावे.

पुढच्या सीटखालचा गालिचा ओला असेल, काचेवर आतून चिकट वाफ धरत असेल व गोडसर वास येत असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळत आहे. टाकीत सतत बुडबुडे, धुराड्यातून जाणारा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस, ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे असू शकतात. अशी गाडी चालवत नेऊ नये, ओढून न्यावी.

पातळी बरोबर असूनही उष्णतेचा दिवा फक्त गर्दीत लागत असेल तर पंखा, त्याचा फ्यूज व रिले पाहावा. फक्त घाटात लागत असेल तर थर्मोस्टॅट किंवा तुंबलेला रेडिएटर. आमच्या यंत्रमागाच्या गावांत एक खास कारण असते: हवेत उडणारा कापसाचा तंतू. तो एसीची जाळी व रेडिएटर यांच्या मधोमध नमद्यासारखा बसतो आणि समोरून पाहिले तर दिसत नाही. मऊ ब्रशने व हलक्या पाण्याच्या धारेने तो काढता येतो. जोराची धार मारली तर पत्र्या दुमडतात.

बोअरचे पाणी भरू नये, त्यातील क्षार आत चिकटतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच कूलंट डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. केवळ रंग एक आहे म्हणून दोन कूलंट एकत्र करू नयेत. नवीन भरल्यावर आत अडकलेली हवा निघते व पहिल्या एक-दोन दिवसांत पातळी थोडी उतरते. यात घाबरण्याचे कारण नाही. मात्र त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी टाकीवर पेन्सिलीची खूण करून पाहावे. खूण हलली नाही तर दुरुस्ती पक्की झाली. हलली तर गाडी त्याच मिस्त्रीकडे न्यावी आणि खूण दाखवावी.