दुसऱ्या वर्षाचे दार

लेखमाला : दहावीनंतरच्या वाटा (भाग सहावा)

गोपाळ कृष्ण गोखले १८८१मध्ये मॅट्रिक झाले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. मधला काही काळ त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काढला. शेवटच्या वर्षासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टनला गेले आणि १८८४मध्ये बी.ए. झाले. एका पदवीसाठी तीन गावे, तीन कॉलेजे. चरित्रकारांनी हे दोन ओळींत उरकले, कारण त्या काळी त्यात नवल नव्हते. तिन्ही कॉलेजे १८५७मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाखाली होती. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक. विद्यार्थी बदलायचा तो फक्त वर्ग आणि खानावळ.

आज जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या मुलाने पदवीचे पहिले वर्ष संपवून ‘आता मला अमुक नामवंत विद्यापीठात जायचे आहे’ असे म्हटले, तर त्याला हे इतके सहज करता येत नाही. शिवाजीनगरचे सीओईपी हे सर्वांत ठळक उदाहरण. १८५४मध्ये सुरू झालेली ही संस्था दीर्घकाळ पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. २००३च्या सुमारास तिला स्वायत्तता मिळाली आणि २०२२मध्ये ती स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाली. त्यामुळे ओतूरच्या किंवा कुरणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून तिथे जाणे म्हणजे आता नुसते कॉलेज बदलणे राहिलेले नाही, ते विद्यापीठ बदलणे झाले आहे. विषय जुळतात का, श्रेयांक जुळतात का, दोन्हीकडची ना-हरकत मिळते का, हे सगळे प्रश्न आहेतच. पण सर्वांत मोठा प्रश्न जागेचा असतो. मागणी असलेल्या शाखेतून कोणी सहसा उठून जात नाही, आणि जागाच रिकामी नसेल तर इतर कागद कितीही चोख असले तरी उपयोग होत नाही.

मात्र याच संस्थेला दुसऱ्या वर्षाचे एक दार आहे. ते दरवर्षी उघडते आणि त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही. ते पदविकेवाल्यांसाठी आहे. गावाकडे त्याला ‘डिप्लोमावरून डायरेक्ट सेकंड इयर’ म्हणतात.

हिशेब साधा आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका, मग पदवीची उरलेली तीन वर्षे, मिळून सहा. अकरावी-बारावीची दोन आणि अभियांत्रिकीची चार धरली तरी सहाच. ‘डिप्लोमाला घातले की वर्षे वाया जातात’ ही समजूत अजून कित्येक घरांत ऐकू येते. तिला या बेरजेपुढे काही आधार उरत नाही. अट एवढीच की पदविका तीन वर्षांत, विषय मागे न ठेवता पूर्ण व्हावी.

या दोन तालुक्यांत पदविकेची सोय कमी नाही. अवसरी खुर्दला शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि २००९मध्ये सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालयही त्याच गावात आहे. जुन्नर तालुक्यात कुरण आणि बेल्हे इथे खासगी तंत्रनिकेतने आहेत. सर्वांची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. याचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. बेल्ह्याच्या मुलाची आणि पुण्याच्या मुलाची प्रश्नपत्रिका एकच असते आणि राज्याच्या गुणवत्ता यादीत दोघांचे गुण एकाच रांगेत लागतात. गोखल्यांच्या काळी जी सोय मुंबई विद्यापीठामुळे होती, ती आज पदविकेपुरती या मंडळामुळे टिकून आहे.

आता जागा. थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के जागा वाढीव मिळतात, आणि पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागा त्यात मिळवल्या जातात. साठ जागांच्या शाखेत वाढीव जागा सहा. ज्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी वीस जागा भरल्याच नाहीत, तिथे दुसऱ्या वर्षी सव्वीस जागा उपलब्ध होतात. जिथे पहिले वर्ष काठोकाठ भरते, तिथे त्या सहाच राहतात, आणि त्या सहांतही आरक्षणाची विभागणी होते. म्हणून संगणक शाखेला सीओईपीत प्रवेश मिळवणे आणि त्याच गुणांवर दुसऱ्या चांगल्या महाविद्यालयात तीच शाखा मिळवणे यांत प्रचंड फरक पडतो. आदल्या वर्षीचा ‘कटऑफ’ पाहताना केवळ टक्का पाहून भागत नाही. त्या वर्षी जागा किती होत्या हेही पाहावे लागते. सहा जागांच्या यादीत दोन हुशार मुलांनी वेगळा पर्याय निवडला तरी शेवटचा आकडा हलतो.

प्रवेशाची प्रक्रिया राज्याचा सीईटी कक्ष ऑनलाइन राबवतो. नोंदणी, कागदपत्रांची छाननी, तात्पुरती यादी, हरकती, अंतिम यादी आणि मग पसंतीक्रम. पहिल्या टप्प्यांत मुले फारशी चुकत नाहीत. चुकतात ती पसंतीक्रमात. ‘आपल्याला ते कॉलेज कुठले मिळायला’ म्हणून हवे असलेले कॉलेज खाली टाकायचे आणि मिळेलसे वाटणारे वर ठेवायचे, हा नेहमीचा घोटाळा. यंत्रणा विद्यार्थ्याचा गुणक्रम आणि त्याने लिहिलेला क्रम एवढेच पाहते. वर लिहिलेले मिळाले नाही तर ती खालच्याकडे जाते, त्यात तोटा काहीच नाही. उलट पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की ती जागा पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. घाबरून लिहिलेला पहिला पर्याय असा गळ्यात पडतो.

दुसरा अडसर दाखल्यांचा, आणि या भागात तो विशेष गंभीर आहे. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकर आणि डिंभे धरणाच्या परिसरातल्या गावांत, महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती आहे. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावला आहे. अनुसूचित जमातीच्या जागेवर प्रवेशासाठी जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी, महसुली नोंदी, नातेवाइकांची वैधता असे पुरावे गोळा करावे लागतात, आणि समितीचा निर्णय यायला वेळ लागतो. पदविकेचा निकाल लागल्यावर धावपळ सुरू करणाऱ्या घराला हा वेळ मिळत नाही. हे काम पदविकेच्या पहिल्याच वर्षी हाती घ्यायला हवे. इतर मागास वर्गाच्या मुलांना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते, आणि ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. मुदत उलटून गेलेले प्रमाणपत्र जोडले म्हणून खुल्या प्रवर्गात ढकलले जाणे फार जिव्हारी लागते, कारण तिथे मुलाच्या अभ्यासाची काही चूक नसते.

मुलींच्या पालकांनी आणखी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळाली. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये. राहण्या-जेवणाचा खर्च उरतोच, आणि मंचरपासून साधारण साठ किलोमीटरवरच्या पुण्यात तो लहान नसतो.

प्रवेश मिळाल्यावर खरी कसोटी गणिताची. पदविकेचा विद्यार्थी वर्कशॉपमध्ये, आरेखनात, यंत्रासमोर पुढे असतो. पण पदवीच्या पहिल्या वर्षीचे गणिताचे दोन पेपर त्याने केलेले नसतात, आणि दुसऱ्या वर्षी समोर येतात लाप्लास रूपांतर, फूरिए, सदिश कलन. त्यात थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश अनेकदा वर्ग सुरू झाल्यावर पूर्ण होतात. इतरांचे दोन-तीन धडे झालेले असतात आणि पहिली चाचणी तोंडावर असते. पहिल्याच सत्रात गणित मागे राहिल्यामुळे खचलेली मुले कमी नाहीत, आणि ती कच्ची असतात म्हणून खचत नाहीत. पदविकेची शेवटची परीक्षा आणि प्रवेश यांमधल्या उन्हाळ्यात पहिल्या वर्षाचे गणित स्वतः सोडवून काढणे हाच त्यावरचा उपाय आहे.

विज्ञान शाखेच्या पदवीधरांनाही हे दार आहे, पण अर्धवट उघडे. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी प्रवेश घेता येतो. मात्र पदविकेवाल्यांनंतर त्याचा विचार होतो आणि आरेखन व यामिकी हे पहिल्या वर्षीचे विषय त्याला जोडीने पूर्ण करावे लागतात. ही वाटही जुनी आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८१मध्ये बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या मदतीने पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. तेच आजचे सीओईपी. १८८३मध्ये ते तिथून अभियंता होऊन बाहेर पडले. ते तर दुसऱ्या विद्यापीठातून आले होते.

मग मंचर, घोडेगाव किंवा जुन्नरच्या महाविद्यालयात बी.ए., बी.एस्सी.चे पहिले वर्ष करणाऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी २०२१मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आली. मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा होतात, साधारण सात वर्षे टिकतात, आणि दुसरीकडे वापरता येतात. पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मे श्रेयांक मिळवलेले असावेत, ही अट आहे. संलग्न महाविद्यालयांत नवे धोरण २०२४-२५पासून लागू झाल्यामुळे आता प्रत्येक विद्यार्थ्याचे असे खाते असते. पण खात्यात श्रेयांक असणे आणि समोरच्या महाविद्यालयाने जागा देणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बँकेने पहिली सोय केली, दुसरी कोणी केलेली नाही.

कॅलिफोर्नियाने ती १९६०मध्ये केली. तिथल्या उच्च शिक्षणाच्या आराखड्याने गावोगावच्या कम्युनिटी कॉलेजांतून दोन वर्षे शिकलेल्यांना राज्याच्या मोठ्या विद्यापीठात घेणे हे धोरणच ठरवले, आणि दोन नवागतांमागे एक बदलून आलेला विद्यार्थी असे उद्दिष्ट आजही तिथे धरले जाते. बराक ओबामा लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजातून १९८१मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेही अशाच बदलीने. पुण्यातल्या नामवंत स्वायत्त महाविद्यालयांनी दर शाखेमागे तीन-चार जागा दुसऱ्या वर्षासाठी राखल्या, त्यांची संख्या आणि निकष उन्हाळ्यातच जाहीर केले, तर घोडेगावच्या मुलीला पहिल्या वर्षाचा अभ्यास कशासाठी करायचा हे नेमके कळेल. पदविकेवाल्यांसाठी १० टक्क्यांचा नियम होऊ शकला, तर हेही होऊ शकते.

तोवर या दोन तालुक्यांत सर्वांत रुंद दार अवसरी, कुरण आणि बेल्ह्याच्या तंत्रनिकेतनांतूनच जाते. त्याच्याही आधी एक छोटे दार आहे : आयटीआय उत्तीर्ण झालेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात मिळणारा प्रवेश. त्याचे नियम आणि त्यासाठी लागणारे कागद पुढच्या आठवड्यात.