ससाण्याचे घर आणि गोचिडाचा हिवाळा



एका हिवाळ्यात आम्ही उभयता अबू धाबीला जाऊन आलो. आमची भाची मोहम्मद बिन झायद सिटीत राहते. मुसाफ्फाच्या शेजारची ही नवी वस्ती. रुंद रस्ते, पांढऱ्या कुंपणांची घरे, संध्याकाळी मुलांच्या सायकली. 2020 सालच्या करारानंतर आपल्या माणसांना तिकडे जाणे सोपे झाले, म्हणून भाचीचा आग्रह मोडवला नाही. तिचा मुलगा नऊ वर्षांचा. त्याने पहिल्याच दिवशी फर्मान काढले, "आजोबा, आधी ससाण्यांचं हॉस्पिटल!"

हे इस्पितळ विमानतळाच्या पलीकडे, स्वैहान रस्त्यावर आहे. 1999 साली ते सुरू झाले. आत गेलो तर दवाखान्यात माणसे बसावीत तसे ससाणे ओळीने बसलेले! डोळ्यांवर कातड्याची टोपी, तिला तिकडे बुर्काच म्हणतात. कुणाची नखे कापायची, कुणाचे तुटलेले पीस जोडायचे. या ससाण्यांना पासपोर्टसुद्धा असतो, 2002 पासून. पोरगा खूश झाला, "म्हणजे हेपण आपल्यासारखेच परदेशी जातात!"

एका कोपऱ्यात पांढराशुभ्र, भला मोठा पक्षी होता. तो जिरफाल्कन, जगातला सर्वांत मोठा ससाणा. त्याच्या जातीचे मूळ घर ग्रीनलंड, आइसलंड, उत्तर कॅनडा, रशियाचा बर्फाळ भाग. अमिरातीत दिसणारे बहुतेक जिरफाल्कन पिंजऱ्यात जन्मलेले असतात, पण शरीर थंडीसाठीच घडलेले. म्हणून त्यांना वातानुकूलित खोलीत ठेवतात, आणि तरीही फुप्फुसात बुरशी धरण्याचा आजार त्यांना पटकन होतो. शिवाय कबुतर खायला दिले तर त्याच्या घशातला ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म परोपजीवी ससाण्याच्या तोंडात शिरतो आणि पांढरे चट्टे उठतात.

परोपजीवी म्हणजे काय, बाळांनो? दुसऱ्याच्या घरी फुकट जेवणारा पाहुणा, जो जायचे नावच घेत नाही. ऊ, जंत, गोचीड हे सगळे त्या जातीचे. पेसाहच्या रात्री मिसरावरची संकटे मोजताना आपण उवांचे नाव घेतो, ते उगाच नाही.

परतताना पोराने विचारले, "आजोबा, इथे त्याला एसी आहे. पण त्याचं गावच गरम झालं तर?"

आम्ही गप्प झालो, कारण त्याचे गाव खरेच गरम होत आहे. 1979 नंतरच्या काळात आर्क्टिक प्रदेश सगळ्या जगाच्या मानाने जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे 2022 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

आता तिथले पाहुणे काय करतात ते पाहा. उत्तर कॅनडात मस्क-ऑक्स नावाचे लांब केसांचे जनावर असते. त्याच्या फुप्फुसात एक जंत राहतो, 1988 मध्ये तो प्रथम सापडला. त्याच्या अळ्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि बिनशंखाच्या गोगलगाईत वाढतात. पूर्वी उन्हाळा इतका तोकडा की वाढ पुरी व्हायला दोन वर्षे लागत. मधल्या हिवाळ्यात पुष्कळ मरून जात. आता ते काम एकाच उन्हाळ्यात होऊ शकते. 2008 मध्ये हा जंत आणखी उत्तरेला, व्हिक्टोरिया बेटावर आढळला.

फिनलंडमध्ये 2003 सालापासून काही वर्षे रेनडियरांत डासांमार्फत पसरणाऱ्या एका जंताची साथ आली. उन्हाळ्याचे सरासरी तापमान 14 अंशांच्या वर गेले की ही साथ बळावते, असे तिथल्या अभ्यासकांना दिसले. चौदा अंश! आपल्या दिमोना-बेर शेवात तर त्याला थंडी म्हणतात.

अमेरिकेच्या ईशान्य भागात मूस नावाच्या मोठ्या हरणाला गोचीड छळते. शरद ऋतूत गोचिडाची पिल्ले झुडपांवर चढून वाट पाहत बसतात. बर्फ पडला की त्यांचा खेळ संपतो. बर्फ उशिरा पडला की त्यांना जास्त दिवस मिळतात. एकेका मूसवर हजारो गोचीड चढतात. रक्त जाऊन वासरे वसंतापूर्वीच मरतात.

आणि ससाण्याचे काय? कॅनडातल्या रँकिन इनलेट भागात बहिरी ससाण्याची पिल्ले घरट्यातच काळ्या माश्यांच्या चाव्यांनी मेली, ही नोंद 2016 साली प्रसिद्ध झाली. एका घटनेवरून सगळा दोष हवेवर टाकू नये. पण ऊब वाढली की असे किडे कुठवर पोचतील, याची काळजी अभ्यासकांना आहे.

"मग जुलैत अबू धाबीत किडेच किडे हवेत!" पोरगा हुशार. नाही रे बाबा. फार गारठ्यात किड्याची वाढ थांबते, तसेच फार कोरड्या उन्हात तो वाळून मरतो. त्याला मधली हवा मानवते. उत्तरेकडे आता नेमकी तीच मधली हवा पोचते आहे.

आपल्या कोकणाकडेही गोचिडाची एक गोष्ट आहे. माकडताप 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. 2016 मध्ये तो सिंधुदुर्गात, दोडामार्गाकडे आला. आधी माकडे मरतात, मग माणसे तापाने पडतात. तिथे मुख्य बोट जंगलतोडीकडे दाखवले जाते. कारण वेगळे, पण धडा एकच: जनावराचे घर बिघडले की किडा घर बदलतो.

पोराच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला रात्री सुचले. आपण बोटीने, विमानाने आलो. ट्रंकेत भांडी, मसाले, आजीची साडी घेऊन आलो, आणि नवे घर केले. बर्फातल्या पक्ष्याला आणखी उत्तरेला जायचे म्हटले तर पुढे समुद्र आहे. त्याला मागे परतायलाही गाव नाही.

म्हणून आम्ही त्याला एक वही दिली. पहिला डास कधी दिसला, हुदहुद अंगणात कधी आला, तारखेसह लिहायचे. शास्त्रज्ञसुद्धा अशाच नोंदींवरून बदल ओळखतात. तुमच्या नातवंडांनाही एक वही द्या. आणि ज्येष्ठांनो, नवगाव, रेवदंडा, पनवेलकडे लहानपणी गुरांच्या अंगावरचे गोचीड कसे काढत, ते त्यांना सांगा. जमले तर आम्हालाही लिहून पाठवा.