ओबोवादक लिऑन गूसन्स

पाश्चात्त्य वाद्यवृंदाची मैफल सुरू होण्यापूर्वीं एक वाद्य एकटेंच दीर्घ सूर धरतें, आणि बाकीचीं वाद्यें त्या सुराबरहुकूम मिळवून घेतलीं जातात. तें वाद्य म्हणजे ओबो. आपल्या सनईचा हा दूरचा आप्तच म्हणावयाचा. कारण दोहोंतही दोन पातळ पत्त्यांमधून फुंकर जाऊन नाद उत्पन्न होतो. ओबोच्या पत्त्या बोरूसारख्या वनस्पतीच्या असतात, व पुष्कळ वादक त्या स्वतःच तासून घेतात.

असें वाद्य वाजवितांना दम अपुरा पडत असेल, असें वाटणें साहजिक आहे. वस्तुस्थिति मात्र उलट आहे. पत्त्यांमधील फट इतकी अरुंद असते, कीं श्वास पुरता बाहेर पडतच नाहीं. म्हणून नवा श्वास घेण्याआधीं छातींत कोंडलेला जुना श्वास टाकावा लागतो. शिवाय दोन्ही ओंठ दांतांवर किंचित् दुमडून त्यांच्या गादीवर पत्त्या धराव्या लागतात. सुराचा गोडवा व स्थैर्य हीं बव्हंशीं या पकडीवरच अवलंबून असतात.

ही पकड ज्यांनीं पूर्णत्वास नेली, त्या लिऑन गूसन्स यांचा जन्म १८९७ सालीं लिव्हरपूल येथें झाला. घराणें संगीतव्यवसायी, वडील व थोरले बंधु यूजीन हे वाद्यवृंदसंचालक, तर भगिनी सिडोनी व मेरी या हार्पवादक. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्यें शिक्षण घेऊन अवघ्या १७ व्या वर्षीं ते क्वीन्स हॉल वाद्यवृंदाचे प्रमुख ओबोवादक झाले. १९३२ सालीं सर टॉमस बीचम यांनीं लंडन फिलहार्मॉनिक वाद्यवृंद स्थापिला, तेव्हां तेथेंही तेंच स्थान त्यांना लाभलें. त्यांच्या मृदु, कंपयुक्त नादामुळें ओबो हें स्वतंत्रपणें ऐकण्याजोगें वाद्य ठरलें. ब्रिटन यांनीं १९३२ मधील एक चतुष्टय आणि व्हॉन विल्यम्स यांनीं १९४४ मधील ओबो कॉन्चेर्टो त्यांनाच अर्पण केला.

१९६२ सालीं मोटार-अपघातांत त्यांच्या दांतांना व ओंठांना जबर दुखापत झाली. वय पासष्टीच्या घरांत; ज्या गादीवर सारी कला तोललेली, तीच मोडली. दुसरा कोणी असता तर मिळविलेल्या कीर्तीवर संतुष्ट राहिला असता. गूसन्स यांनीं मात्र ओंठांच्या निराळ्या स्नायूंना नवें वळण लावण्यास आरंभ केला. इष्ट सूर कसा असावा, हें कानांना पक्कें ठाऊक होतें. ओंठांना तेथवर आणण्याचें काम तेवढें उरलें होतें. कांहीं वर्षांच्या साधनेनंतर ते पुनः श्रोत्यांपुढें आले. १९८८ सालीं ते निवर्तले. शिकण्याचें वय सरलें, असें म्हणणाऱ्यांनीं हें उत्तरचरित्र अवश्य लक्षांत ठेवावें.