भाताच्या राशीतील उष्णता

कुंभकोणम परिसरात ‘कुरुवै’ हंगामाचे भात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणीस येते आणि त्याच सुमारास ईशान्य मोसमी पावसाची चाहूल लागते. सरकारी खरेदीसाठी आर्द्रतेची सर्वसाधारण मर्यादा १७ टक्के आहे. भिजलेले भात त्यात बसत नाही आणि राशी ताडपत्रीखाली पडून राहतात. रायगड-रत्नागिरीत परतीच्या पावसात सापडलेल्या भाताची गतही फारशी वेगळी नसते. अशा राशीत कोपरापर्यंत हात घातल्यास ऊब लागते. ती उन्हाची नव्हे, रासायनिक अभिक्रियेची असते.

मळणीनंतरही दाणा जिवंत असतो व श्वसन करतो; बुरशी आणि कीटकही त्याच पिष्टावर जगतात. पिष्टापासून झालेल्या ग्लुकोजचा ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते. जुने रासायनिक बंध तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा नवे बंध जुळताना मुक्त होणारी ऊर्जा अधिक असते, म्हणून ही अभिक्रिया ऊष्मादायी ठरते. १८० ग्रॅम ग्लुकोजच्या पूर्ण ऑक्सिडीकरणातून सुमारे २,८०० किलोज्यूल उष्णता व १०८ ग्रॅम पाणी मिळते. ही उष्णता बाहेर पडू शकली नाही, तर ढोबळ हिशेबाने एक क्विंटल भात १५ अंश सेल्सिअसने तापेल. वाटीभर साखरेएवढ्या पदार्थाचा हा प्रताप! त्यातच रास उष्णतेची मंदवाहक. आणि निर्माण झालेले पाणी तिच्यातच मुरून श्वसनाला आणखी वेग देते. अशा भाताचा तांदूळ पिवळा पडतो. कितीही पॉलिश केले तरी तो पांढरा होत नाही. बियाण्याची उगवणशक्तीही जाते.

रास कशामुळे तापली, हे तापमानावरून बरेचसे ओळखता येते. सोंडे किंवा दाणे पोखरणारे भुंगेरे यांच्यामुळे तापलेले कोरडे धान्य साधारण ४२ अंशांपाशी थांबते, कारण त्यापलीकडे कीटकच तग धरत नाहीत. बुरशीमुळे तापलेले ओले धान्य मात्र ६० अंशांपर्यंत जाऊ शकते. माझ्या मते लांब दांड्याचा तापमापक हे गोदामातील सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित साधन आहे. थप्पीच्या पोटातील तापमान दर आठवड्याला नोंदवावे. ते बाहेरील हवेपेक्षा सतत वाढत असल्यास रास मोडून पातळ पसरावी, वाळवावी आणि मगच पुन्हा रचावी.

ओल्या राशीला धुरी देणे हा त्यावरचा उपाय नव्हे; धुरीने कीटक मरतात, ओल जात नाही. शिवाय ॲल्युमिनियम फॉस्फाइडची आर्द्रतेशी होणारी अभिक्रियाही ऊष्मादायीच आहे. गोळ्या एकावर एक पडल्या किंवा त्यांना पाणी लागले, तर फॉस्फिन वायू पेट घेऊ शकतो. म्हणूनच अनेक गोळ्यांत अमोनियम कार्बामेट मिसळतात. त्याचे विघटन उष्णता शोषून घेते आणि त्यातून निघणारे अमोनिया व कार्बन डायऑक्साइड आगीचा धोका कमी करतात. तरीही हे काम प्रशिक्षित, परवानाधारक यंत्रणेकडेच सोपवावे आणि गोळ्या कोरड्या ट्रेमध्ये सुट्या ठेवल्या जात आहेत ना, हे पाहावे.