शून्य म्हणजे खुशाली

मी परगावी निघालो की आई हमखास बजावायची, ‘‘पोचल्याचं पत्र टाक हो!’’ पुढे संगणकाच्या व्यवसायात पडलो, तर तिथेही हीच रीत!

केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये ज्या युनिक्सची मुहूर्तमेढ रोवली, त्यात एक प्रोग्रॅम दुसऱ्याला जन्म देतो. त्यांना ‘पालक’ आणि ‘अपत्य’ असेच म्हणतात. काम संपवताना अपत्याने पालकाला एक आकडा कळवायचा. शून्य म्हणजे क्षेमकुशल. परीक्षेत ज्या भोपळ्याची आपल्याला धास्ती, तोच इथे यशाची खूण! काम साधले हे सांगायला एक आकडा पुरतो. का फसले, हे सांगायला १ ते २५५ आकडे राखलेले. आज्ञा सापडलीच नाही, तर १२७.

हे मी ठेच लागून शिकलो. कचेरीतील फायलींची रोज रात्री प्रत काढणारी स्क्रिप्ट मी लिहिली होती. शेवटची ओळ ‘काम झाले’ असे छापण्याची. स्क्रिप्ट मात्र कळवते तो शेवटच्या आज्ञेचा आकडा! डिस्क भरल्याने प्रत निघत नव्हती, छपाई बिनचूक होत होती. रोज शून्य. मूळ डिस्क बिघडली, तेव्हा कळले : तीन आठवड्यांची प्रतच नाही. सहकाऱ्यांनी ते सारे पुन्हा टंकले. मला मान वर करवेना.

मग एक ओळ घातली : प्रत फसली, तर तिथेच थांब आणि १ कळव.

खोट्या खुशालीपेक्षा वेळेवर आलेली वाईट बातमी बरी. निदान धावून तरी जाता येते.