खेळांतला ‘ळ’

सामना रंगांत आलेला असतो. फलटणच्या एखाद्या घरांत मंडळी दूरदर्शनसंचासमोर बसलेली असतात. चेंडू मधल्या फळींतून पुढें सरकतो आणि हिंदी निवेदक ‘फाल्के’ असा पुकारा करतो. लगेच गलका उठतो, “अहो, फाल्के नव्हे, फाळके!” सांगलीहून आलेले पाहुणे हळूच म्हणतात, “तुमचें ‘पानी’ तरी कुठें शुद्ध आहे?” सातारकर उत्तर देतात, “आणि तुमच्या बोलण्याला कानडी हेल लागतो, त्याचें काय?” हंशा होतो आणि लक्ष पुन्हा खेळाकडे वळतें.

ही थट्टा निर्मळ असली तरी तिच्यांत दोन निराळे प्रश्न एकत्र मिसळलेले आहेत: एक नांवाचा, दुसरा बोलीचा.

नांवाचा प्रश्न सातारा जिल्ह्याला जवळचा आहे. स्त्रियांच्या हॉकींत या जिल्ह्यानें वैष्णवी फाळके, ऋतुजा पिसाळ आणि अक्षता ढेकळे अशा खेळाडू दिल्या. त्यांपैकी फलटण तालुक्यांतील आसू गांवच्या वैष्णवी फाळके 2023 सालीं हांगचौ येथील आशियाई स्पर्धेंत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत होत्या. तिघींच्याही आडनांवांत ‘ळ’ आहे, हा योगायोग मोठा मौजेचा.

‘ल’ उच्चारतांना जिभेचें टोंक वरच्या दातांच्या मुळाशीं टेकतें. ‘ळ’ उच्चारतांना तें मागें वळून टाळूला लागतें. एवढ्याशा फरकानें ‘वेल’ची ‘वेळ’ होते आणि ‘काल’चा ‘काळ’. ऋग्वेदाच्या पठणांत हा वर्ण ऐकूं येतो. पुढच्या अभिजात संस्कृतांत तो उरला नाहीं. प्रमाण हिंदींतही तो नाहीं. म्हणून आपला ‘खेळ’ तेथें ‘खेल’ होतो. रोमन लिपींत दोहोंसाठीं एकच अक्षर असल्यामुळें पाठीवरचें नांव वाचणाऱ्याची चूक होते, ती अनादरानें नव्हे. उलट कानडींत ‘ळ’ नांदता आहे. ज्या हेलाची सातारकर थट्टा करतात, त्या हेलाचा जतकडील शेजारी ‘फाळके’ हें नांव बिनचूक घेईल!

आतां बोलीचा प्रश्न. देशावरच्या अनेक खेड्यांत ‘ण’च्या जागीं ‘न’ येतो. ‘लोणी’ तें ‘लोनी’ होतें. खानदेशांत आणि वऱ्हाडांत ‘डोळा’ ‘डोया’ होतो. हा आळस नव्हे, अज्ञानही नव्हे. त्या त्या बोलीचा तो नियमच आहे आणि तिचे बोलणारे तो कसोशीनें पाळतात. शहरी शिष्ट मंडळींनीं स्वतःकडेही पाहावें. मराठी ‘फ’ दोन्ही ओठ मिटून उच्चारावयाचा. पण इंग्रजीच्या सहवासानें पुष्कळांचा ‘फ’ दांत आणि ओठ यांच्यामधून निसटूं लागला आहे. ‘फाळके’ म्हणतांना ‘ळ’ सांभाळणारे ‘फ’ गमावून बसतात! आणि ‘हॉकी’तला स्वर मूळचा मराठी नाहींच, म्हणून एखादे आजोबा ‘हाकी’ म्हणाले तर ते परक्या शब्दाला आपल्या घरचा पोशाख चढवितात, इतकेंच.

तेव्हां न्याय असा दिसतो. नांव हें ज्याचें त्याचें असतें. तें विचारून, ऐकून, प्रयत्नानें नीट घ्यावें. निवेदकाला सामन्यापूर्वी क्षणभर चौकशी करणें कठीण नाहीं. बोली मात्र साऱ्या गांवाची असते. ती सुधारावयाची वस्तु नव्हे. गांवाकडून आलेली मुलगी मैदानावर निर्भयपणें धांवते; पण सामना संपल्यावर ‘पानी’ म्हटलें तर लोक हंसतील, या धास्तीनें ध्वनिक्षेपकापुढें गप्प राहिली, तर हार तिची नसते, ऐकणारांची असते. ‘फाळके’मधल्या ‘ळ’साठीं हट्ट धरणाऱ्या घरानें तिच्या ‘पानी’लाही तितक्याच आपुलकीनें जागा दिली पाहिजे.