बिलातली अनोळखी ओळ

पुणतांब्यातला माणूस शिर्डीत किंवा कोपरगावात कार्ड स्वाइप करतो. महिन्याचे बिल येते तेव्हा त्यात दुकानाच्या पाटीवरचे नाव नसते. मालकाच्या फर्मचे असते, नाहीतर मधल्या पेमेंट कंपनीचे. तारीखही कधी एक-दोन दिवस पुढची. म्हणून आधी रक्कम पाहावी, जुने मेसेज चाळावेत, घरात विचारावे. एखाद्या अ‍ॅपची वर्गणी आपोआप कापली गेलेली असते. अशा कपातीआधी २४ तास सूचना येते. पण १५,००० रुपयांपर्यंत दरवेळी ओटीपी मागितला जात नाही, त्यामुळे ही कपात नजरेतून सुटते.

एवढे करूनही ओळ ओळखीची वाटली नाही, तर क्षणभरही थांबू नये.

१ जून २०१७ रोजी पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि गावाचे नाव राज्यभर गेले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, ६ जुलैला, रिझर्व्ह बँकेने ग्राहकांच्या हक्काचे एक परिपत्रक काढले. संपाइतकेच तेही गावोगाव ठाऊक व्हायला हवे होते. चूक ग्राहकाची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणीतरी डल्ला मारला आहे, अशा वेळी बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवले, तर पाच लाखांपर्यंत लिमिट असलेल्या कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार ग्राहकावर येतो. त्यानंतर बँकेचे धोरण सांगेल तसे. मेसेज आला तो दिवस मोजायचा नाही. ओटीपी स्वतःच कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे.

‘सोमवारी शाखेत जाऊन विचारू’ ही खेड्यातली सवय इथे महाग पडते. कार्डामागे छापलेल्या नंबरवरच फोन करावा. इंटरनेटवर शोधलेला हेल्पलाइन नंबर भामट्यांचाही निघतो. आधी कार्ड बंद, मग तक्रार, आणि तक्रार क्रमांक हातात आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. लगेच १९३० वर सायबर तक्रार द्यावी. वादातली रक्कम सोडून उरलेले बिल वेळेवर भरावे.

‘तुम्हीच केला असेल व्यवहार’ असे कोणी म्हटले, तर गप्प बसू नये. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे, आणि ते योग्यच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला, तेव्हा नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. एकूण सुमारे ९४ कोटी गेले. खऱ्या कार्डधारकांनी यात काहीही केलेले नव्हते.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम तात्पुरती परत जमा व्हावी आणि ९० दिवसांत निकाल लागावा, असे परिपत्रक सांगते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथे ना वकील लागतो, ना फी.